काचेतली रेघ

“अरे, नोकरीला चाललायस की फासावर?” थोरल्याने दाढी करता करता आरशातूनच विचारलं.

धाकटा सकाळपासून तिसऱ्यांदा संडासातून बाहेर येत होता. चेहरा पांढराफटक, शर्टाचं वरचं बटण भलत्याच काजात. वहिनीने न बोलता बटणाकडे बोट दाखवलं आणि डबा त्याच्या हातात दिला. आई दाराशी उभी होती. तिने पाठीवरून हात फिरवला आणि “भिऊ नकोस रे,” म्हणाली. आता भिऊ नकोस म्हटल्याने भीती गेली असती, तर हा पोरगा केव्हाच वाघ झाला असता. जन्मल्यापासून त्याला दुसरं काही कुणी म्हटलेलंच नव्हतं.

तो भित्राच होता, लपवण्यात काय अर्थ आहे? लहानपणी फुटेल म्हणून फुगा हातात न धरणारा. लिफ्ट अडकेल म्हणून सहा मजले पायी चढणारा. कोपऱ्यावर कुत्रं दिसलं की अख्ख्या गल्लीला वळसा घालणारा. थोरला त्याला भित्री भागूबाई म्हणायचा, आणि पुढे पुढे शेजारपाजारचेही म्हणायला लागले. आणि अशा माणसाने शिकावं काय, तर बॉयलर चालवायला!

पण त्यालाही कारण होतं. शाळेत गुण बेताचे. थोरल्याने कुठूनशी या कोर्सची माहिती आणली आणि याला नेऊन बसवला. पहिल्याच दिवशी मास्तरांनी बॉयलर कसकसे फुटतात ते सांगितलं. बाकीची पोरं जांभया देत होती. याने मात्र एकेक शब्द घाबरून पाठ केला. मग एका कारखान्यात दोन वर्षं मदतनीस म्हणून कोळसा ओढला, तो कारखाना बंद पडायच्या आत परीक्षेला बसला आणि पहिल्या झटक्यात पास झाला. लायसन हातात आलं. त्यावरच्या फोटोत डोळे असे, की फोटोवाल्याच्या मागे साप निघाला असावा.

लायसन आलं आणि खरी परवड सुरू झाली. अकरा महिन्यांत नऊ दारं झाली. सगळीकडे एकच.

“अनुभव?”

“मदतनीस म्हणून दोन वर्षं, साहेब.”

“ते सोडा. स्वतःच्या जबाबदारीवर किती चालवलाय?”

“नाही चालवला अजून.”

“मग चालवून या.”

आता कुठून चालवून यायचं? बॉयलर म्हणजे काय सायकल आहे, की तासाभरासाठी कुणाची मागून आणावी? पण हे तोंडावर बोलायची याची छाती नव्हती. “बरं साहेब” म्हणून तो उठायचा आणि जाताना दार हळू लावायचा.

थोरला एका गोदामात मुकादम होता. त्याने आदल्या दिवशी सरळच सांगितलं होतं, “हे दहावं. इथंही नाही जमलं तर एक तारखेपासून माझ्याबरोबर गोण्या उचलायला यायचं. लायसन ट्रंकेत ठेव.” त्यात राग नव्हता. दोन खोल्या, चार माणसं, कमावणारा एक. वहिनीने कधी एका शब्दाने बोलून दाखवलं नव्हतं, उलट याच्याच ताटात पहिलं वाढायची. त्यानेच तर घास उतरत नसे.

ही दहावी जागा म्हणजे धुलाईचा कारखाना होता. तीन इस्पितळांच्या चादरी, डॉक्टरांचे डगले, ऑपरेशनचे कपडे, सगळं इथे यायचं, उकळून धुऊन निघायचं आणि मोठ्या तापलेल्या रुळांखालून कडक इस्त्री होऊन परत जायचं. पाणी उकळायचं ते वाफेवर आणि रूळ तापायचे तेही वाफेवर. ती वाफ एकाच बॉयलरची.

मॅनेजर उभ्या उभ्याच बोलला. “हे बघ, मला बॉयलरमधलं ओ की ठो कळत नाही. मला वाफ कळते. वाफ थांबली की कारखाना थांबला आणि माझा फोन वाजायला लागला. आमचे मिस्त्री एकतीस वर्षं बॉयलर सांभाळतायत, चार महिन्यांनी निवृत्त होतील. आज सात ते तीन त्यांच्या हाताखाली काम कर. तीन वाजता ते हो म्हणाले तर तू इथला. नाही म्हणाले तर डबा घेऊन घरी. कळलं?”

“हो साहेब.”

“तोंड असं का केलंयस?”

“ते असंच आहे, साहेब.”

बॉयलरघर मागच्या अंगाला होतं. एका बाजूला कोळशाचा ढीग, दुसऱ्या बाजूला पाणी मारून विझवलेल्या राखेचा. मधोमध तो बॉयलर, आडवा, एखाद्या खोलीएवढा, आतून घुमत असलेला. धाकट्याला वाटलं, आपण आल्याचं याला कळलंय.

मिस्त्री बुटका, रुंद आणि गळ्यात टॉवेल टाकलेला म्हातारा होता. धाकट्याने लायसन पुढे केलं. मिस्त्रीने ते घेतलं, अंगठ्याने चाचपलं आणि न बघताच परत दिलं.

“ठेव खिशात. कागदावर वाफ होत नाही. फावडं घे.”

त्याने फावडं घेतलं. मिस्त्री कमरेवर हात ठेवून उभा राहिला. भट्टीचं दार, फावड्याचा फेर, कोळसा सगळीकडे सारखा पसरणं. चार फावडी झाल्यावर मिस्त्री म्हणाला, “हात बरा आहे. पण तू दाराच्या इतका लांब का उभा? भट्टी काय चावते का?”

“नाही... चटका...”

“चटक्याला भिणारा बॉयलरवाला!” मिस्त्री खो खो हसला. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. “बघू, बघू. तीन वाजायला वेळ आहे.”

आणि म्हातारा होता मात्र खरा कारागीर. न बघता हात मागे न्यायचा आणि हवी ती तोटी बरोबर हातात यायची. भट्टीचा नुसता आवाज ऐकून कोळसा कुठे कमी पडलाय ते सांगायचा. घरातल्या अंधारात आपण जसे स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिऊन येतो, तसा तो तिथे वावरत होता. धाकटा बघतच राहिला. आपल्याला असं कधी यायचं, असं त्याला वाटलं.

मग त्याचं लक्ष धोक्याच्या घंटेकडे गेलं. बॉयलरमधलं पाणी कमी झालं की ही घंटा आपोआप वाजते. हिच्या वाटीत चिंधी कोंबलेली होती.

“मिस्त्री, ही चिंधी...”

“बिघडलीये ती. दिवसातून दहा वेळा उगाच बोंबलायची. पलीकडे इस्त्रीवाल्या बायका दचकून हात भाजून घ्यायच्या. दिली चिंधी तोंडात.”

“पण नियमाप्रमाणे...”

“नियमाप्रमाणे तू अजून घरी असायला पाहिजेस. काच आहे ना समोर? काच बघायची.”

ही काच म्हणजे बॉयलरवाल्याचा जीव. बॉयलरच्या पोटात पाणी किती आहे हे बाहेरून दिसत नाही. म्हणून त्याच्या तोंडावर हातभर लांबीची उभी काचेची नळी बसवलेली असते. आत पाणी जेवढं, तेवढंच नळीत. पाणी नळीच्या खाली गेलं, तर आतलं लोखंड कोरडं पडतं, खालून आग चालूच असते आणि ते लाल होत जातं. अशा लाल लोखंडावर कुणी घाईने गार पाणी सोडलं, तर मग भिंती, छप्पर, माणसं, काही शिल्लक राहत नाही. मास्तरांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं ते हेच, आणि धाकटा तेव्हापासून कितीतरी रात्री त्या स्वप्नाने घामाघूम होऊन उठला होता.

इथली काच जुनी होती, चहाच्या कपासारखी आतून डागाळलेली. बरोबर मध्यावर पाण्याची रेघ होती. मिस्त्री तासातासाला काचेसमोर जायचा, नाक लागेल इतका जवळ, मग वहीत लिहायचा: पाणी अर्धी काच.

नऊ वाजता धाकट्याने धीर करून विचारलं, “मिस्त्री, काचेचा खालचा कॉक एकदा उघडून बघू का?”

हीही एक शिकवलेली गोष्ट. खालचा कॉक म्हणजे छोटी तोटी. तो उघडला की काचेतलं पाणी भसकन निघून जातं, बंद केला की पुन्हा वर चढतं. चढलं तर काच खरं बोलते.

“सकाळी सहाला केलंय मी ते.”

“नाही, म्हणजे... दर वेळी शंका आली की...”

“शंका? कुणाची? माझी?” मिस्त्रीने टॉवेलने तोंड पुसलं. “एकतीस वर्षं ही काच बघतोय मी. तू येऊन दोन तास झाले नाहीत. कॉकला हात लावू नकोस, जुना आहे, गळायला लागला तर वाफ थांबवावी लागेल. मग साहेबांना तू उत्तर दे.”

तीन वाजता याच तोंडातून हो निघायचं होतं. ते तोंड कडू करून कसं चालेल? धाकटा पुन्हा कोळसा मारायला लागला. पण डोळे काही ऐकेनात. दोन फावडी मारली की काचेकडे. दोन फावडी मारली की काचेकडे.

अकराच्या सुमाराला त्याच्या लक्षात आलं, की रेघ हलत नाहीये.

चालू बॉयलरचं पाणी कधी स्थिर नसतं. उकळतं ते, काचेतही जरा वर, जरा खाली, सारखं थरथरत असतं. ही रेघ ढिम्म होती. त्याने मनात शंभर अंक मोजले. ढिम्म. पुन्हा शंभर. पाण्याचा पंप चालू होता, पण त्याचा आवाज सकाळपेक्षा हलका, पोकळ वाटत होता. की आपल्याच कानांना तसं वाटतंय? भित्र्याच्या कानांचं काय सांगावं!

“मिस्त्री,” तो म्हणाला, आणि आवाज असा निघाला की त्याला स्वतःलाच लाज वाटली. “पाणी हलत नाहीये.”

मिस्त्री काचेपाशी गेला. नाक लागेल इतका जवळ. मान एकदा डावीकडे वाकवली, एकदा उजवीकडे. “आहे की. अर्धी काच.”

“पण हलत नाही.”

“पाणी आहे ते, नाचायला ठेवलंय का?”

आणि धाकट्याने पाहिलं, की मिस्त्रीचे डोळे काचेवर नव्हतेच. ते काचेच्या थोडे बाजूला, पितळी पट्टीवर होते, आणि बुबुळांवर दुधाच्या सायीसारखं काहीतरी होतं. लायसन न बघता का परत दिलं तेही त्याला आत्ता कळलं. म्हाताऱ्याला दिसत नव्हतं! काळी रेघ तेवढी अंधूक दिसत असेल, पण पाणी दिसत नव्हतं.

पळावं, असं त्याला वाटलं. खोटं कशाला सांगा, पहिला विचार तोच आला. डबा खुंटीवर होता आणि दार दहा पावलांवर. बाहेर जाऊन सांगायचं, माझं पोट दुखतंय, मला नको ही नोकरी. गोण्या उचलू. गोण्या फुटत नाहीत. पण भिंतीपलीकडून इस्त्रीच्या हॉलमधल्या बायकांचं हसणं ऐकू येत होतं. वीस-पंचवीस तरी असतील. आणि कॉक उघडला आणि पाणी ठीकठाक निघालं, तर? पहिल्याच दिवशी मिस्त्रीचा शब्द मोडला, एवढंच उरणार. दहावं दारही बंद.

त्याने खालचा कॉक उघडला.

पाणी आलं नाही. नुसती वाफ आली, पांढरी, कोरडी, कान फाडणारी. आणि काचेतली रेघ जागच्या जागी. तसूभरही हलली नाही. ती पाण्याची रेघ नव्हतीच. वर्षानुवर्षं पाणी तिथेच उभं राहून काचेवर डाग धरला होता. पाणी कधीच खाली निघून गेलं होतं, आणि ते दोघे सकाळपासून एका डागाकडे बघत होते.

“काय केलंस रे? काय केलंस?” मिस्त्री ओरडला.

“पाणी नाही, मिस्त्री! काच रिकामी आहे!”

मिस्त्रीने कॉकखाली हात धरला, पाण्याचा थेंब नाही, नुसत्या वाफेचा चटका बसून मागे घेतला, आणि त्याचा चेहरा धाकट्याहून पांढरा झाला. तो झटकन वळला आणि गार पाण्याच्या तोटीकडे धावला. “पाणी! पाणी सोड! दुसऱ्या लायनीने...”

आयुष्यात कुणावर हात न उचललेल्या धाकट्याने मिस्त्रीचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. “नाही! पाणी नाही सोडायचं! मिस्त्री, मरू आपण!”

“सोड मला!”

“लाल झालं असेल आत! पाणी नाही!”

क्षणभर दोघे तसेच झटापट करत राहिले. मग मिस्त्रीचा हात ढिला पडला. त्याला माहीत नव्हतं असं थोडंच होतं? एकतीस वर्षं त्याने हेच नवीन पोरांना शिकवलं होतं. पण घाबरलेल्या माणसाचा हात आधी पाण्याकडेच जातो. तो मटकन कोळशाच्या ढिगावर बसला.

पुढचं सगळं धाकट्याने एकट्याने केलं. पंप बंद केला. धुराड्याची झडप ओढली. पलीकडच्या खिडकीत तोंड घालून ओरडला, “बाहेर व्हा! सगळ्या बाहेर व्हा!” त्याचा आवाज इतका किरटा निघाला की बायका आधी हसल्या, आणि मग त्याचं तोंड बघून धूम पळाल्या. मग भट्टीचं दार उघडून तो ओली राख आत मारायला लागला. एक फावडं, दुसरं, तिसरं. पाय दाराकडे वळलेले, हात भट्टीकडे. दर फावड्याला तो मनात म्हणत होता, हे शेवटचं आणि मग पळायचं. अशी चाळीस-पन्नास फावडी त्याने मारली. आग काळी पडली, घुमणं कमी कमी होत गेलं, आणि पलीकडचे रूळ कुरकुरत थांबले.

मिस्त्रीला काखेत धरून तो बाहेर अंगणात आला आणि भिंतीशी ओकला.

मॅनेजर तोवर धावत आला होता. “कुणी बंद केला बॉयलर?”

“मी, साहेब.”

“कुणाला विचारून?”

“काचेत पाणी नव्हतं.”

“मिस्त्री, खरं आहे का हे?”

मिस्त्री जमिनीकडे बघत होता. तो हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही.

“ऑपरेशनच्या चादरी अडकल्यात माझ्या,” मॅनेजर धाकट्याच्या तोंडाजवळ येऊन म्हणाला. “तीन इस्पितळं बोंबलत बसतील. उद्या बॉयलर निवला की उघडायचा. आत पाणी जागच्या जागी निघालं ना, तर तू या गावात काय, कुठल्याच बॉयलरपाशी परत उभा राहणार नाहीस. मी बघतो.”

घरी थोरल्याने विचारलं, “झालं का?” धाकटा म्हणाला, “उद्या कळेल.” त्याला जेवण गेलं नाही. कॉक जुना होता, मिस्त्री म्हणालेच होते. खालचं भोकच गाळाने बुजलं असेल तर? मग आत भरपूर पाणी असूनही नुसती वाफच येणार. मग आपण एका म्हाताऱ्याच्या अंगावर हात टाकला, कारखाना बंद पाडला, आणि तेही उगाच. आणि आपण बरोबर निघालो तर? चार महिने राहिलेल्या माणसाची एकतीस वर्षं मातीत. आपण चुकलेले निघावं की बरोबर निघावं, हेच त्याला ठरवता येईना. दोन्हीचीच भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी बॉयलर निवला. पाण्याच्या टाकीतला तरंगता गोळा अडकून पाणी येणंच थांबलं होतं आणि पंप नुसती हवा ओढत होता, हे सकाळीच सापडलं होतं. वरचं झाकण मिस्त्रीने बॉयलरवर चढून स्वतःच खोललं. नटबोल्ट बोटांनी मोजून एका रांगेत ठेवले. धाकट्याने दिवा आत सोडला.

“सांग,” मिस्त्री म्हणाला.

धाकट्याने डोकं आत घातलं. पाणी खाली होतं, बरंच खाली. कायम पाण्यात बुडालेली असायला हवी ती वरच्या नळ्यांची रांग उघडी पडली होती, कोरडी, राखाडी.

“सांग की.”

“थोडं कमी आहे, मिस्त्री.”

“थोडं म्हणजे?”

मिस्त्रीने धाकट्याला बाजूला सारलं, पोटावर आडवा झाला आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. एकेक नळी चाचपत गेला. हात आणखी खाली, आणखी खाली. भट्टीच्या माथ्यावर शिशाचं एक बूच असतं. पाणी संपून माथा अति तापला तर ते शिसं वितळतं आणि वाफ आगीवर सुटते. सगळे उपाय हरले की शेवटचा उपाय तो. मिस्त्रीची बोटं त्या बुचावर गेली आणि तिथेच थांबली. शिसं ओघळायला लागून तसंच थिजलं होतं, अर्ध्या जळलेल्या मेणबत्तीसारखं.

“आणखी पाच मिनिटं,” तो आतूनच म्हणाला. आवाज बॉयलरमध्ये घुमला. “नाही, पाचसुद्धा नाही.”

तो तसाच आडवा पडून राहिला. धाकट्याने म्हाताऱ्याच्या पाठीवर हात ठेवला आणि घाबरून लगेच काढला.

मॅनेजर आला तेव्हा मिस्त्री खाली उतरून बसला होता आणि टॉवेलने हात पुसत होता.

“काय निघालं?”

धाकटा पुढे झाला. रात्रभर घोकलेलं त्याने एका दमात म्हणून टाकलं, “पाणी नव्हतं, साहेब. पंपाने हवा धरली होती. काचेवर डाग होता, तो कुणालाही पाणीच वाटला असता. मलाही सकाळी वाटला. मिस्त्रींचा काही दोष...”

“गप,” मिस्त्री म्हणाला.

“पण मिस्त्री...”

“गप म्हणतो ना! काल माझा हात धरलास ते बरं केलंस, आज जीभ आवर.” तो उभा राहिला. भिंतीवरची वही बरोबर त्याच्या हाताला आली. “साहेब, ही वही बघा. दोन महिने मागे जा. काय लिहिलंय?”

मॅनेजरने पानं उलटली. “अर्धी काच. अर्धी काच. अर्धी काच.”

“दर तासाला, बघा. एकदाही बोटभर कमी नाही की जास्त नाही. पाणी असं राहतं का? मला दोन महिने झाले, काच दिसत नाही. डाग दिसायचा, तो लिहायचो. उरलेले महिने ढकलू म्हटलं, नंतर करू डोळ्यांचं. सांगितलं असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी बसवला असता घरी.” त्याने घसा साफ केला. “बसवायलाच पाहिजे होता.”

मॅनेजरने वही मिटली. तो चिंधी कोंबलेल्या घंटेकडे बघत राहिला. मग त्याने धाकट्याकडे बोट केलं. “आणि हा? हो की नाही? काल तीन वाजता सांगायचं होतं तुम्ही.”

“हा?” मिस्त्रीने आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. “भयंकर भित्रा आहे, साहेब. असा भित्रा मी बघितला नाही. भट्टीपासून चार हात लांब उभा राहतो.” मग जरा थांबून म्हणाला, “ठेवून घ्या त्याला.”

झालं. नोकरी लागली. अकरा महिने ज्याच्यासाठी उंबरे झिजवले ते पदरात पडलं आणि धाकट्याला काही आनंद-बिनंद झाला नाही. आता चूक झाली तर सावरायला दुसरं कुणी असणार नव्हतं. मॅनेजर म्हणाला, “नवी काच बसव, नवं बूच बसव, घंटा दुरुस्त करून घे, परवा सुरू कर.” तो “हो साहेब” म्हणाला आणि रडायलाच लागला. मॅनेजर घाईघाईने निघून गेला.

मिस्त्रीने कुणाचा निरोप घेतला नाही. टॉवेल गळ्यात टाकला, रिकामा डबा घेतला, तीन पायऱ्या न अडखळता उतरला आणि फाटकातून बाहेर पडला.

धाकटा जुनी काच काढायला पाना घेऊन उभा राहिला. खिडकीतून समोरचा बसथांबा दिसत होता. मिस्त्री खांबाला टेकून उभा होता. एक बस आली, थांबली, गेली. दुसरी आली. मिस्त्रीने मान उंचावली, पाटीच्या दिशेने डोळे बारीक केले, आणि तीही जाऊ दिली. थांब्यावर दोन माणसं होती. त्याने त्यांना विचारलं नाही. तिसरी बस गेली. एकतीस वर्षं तो ज्या बसने घरी जायचा, ती एव्हाना निघूनही गेली असेल. दोन महिने तो असाच कसा घरी पोचत होता, कुणास ठाऊक.

धाकट्याने पाना ठेवला आणि तो रस्ता ओलांडून गेला. मिस्त्रीपासून दोन हात अंतर ठेवून, रस्त्याकडे तोंड करून, तोही बसची वाट बघणाऱ्यासारखा उभा राहिला.

एक बस आली.

“चार नंबर,” धाकटा स्वतःशीच पुटपुटल्यासारखा म्हणाला.

मिस्त्री हलला नाही. बस गेली. पाच-सात मिनिटांनी आणखी एक वळणावर दिसली.

“अकरा नंबर.”

मिस्त्रीने डबा या हातातून त्या हातात घेतला.

“दिसतंय मला,” तो म्हणाला, आणि बसचा आवाज जवळ येऊन थांबला तेव्हा हात पुढे करून, दांडा शोधून, वर चढला.